खोटी साक्ष न देता इंग्रजी शिकवायचं

प्रश्न असा आहे: "मी ख्रिस्ती आहे. मिशनच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला नुकतीच लागले आहे. वर्गात साठेक मुलं, त्यांत ख्रिस्ती चार-पाच. संस्थेची मंडळी म्हणतात, ख्रिस्ती दृष्टिकोनातून शिकवा. म्हणजे नेमकं काय करायचं? तासाच्या सुरुवातीला बायबलचं वचन वाचायचं? ख्रिस्ती कवीच निवडून शिकवायचे? की आपली श्रद्धा घरी ठेवून नुसतं व्याकरण शिकवायचं?"

मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली बहुतेक नगर जिल्ह्यात. तुम्ही दिलेले तिन्ही मार्ग मी एकेक करून चालून पाहिलेत आणि तिन्हींवरून परत आले आहे. शेवटी मला धरायला जे सापडलं ते लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं होतं: "आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको." आम्हा प्रोटेस्टंटांच्या मोजणीत ही नववी आज्ञा, कॅथलिकांच्या मोजणीत आठवी. बरीच वर्षं मला वाटायचं, ही आज्ञा कोर्टकचेरीपुरती आहे. शिकवायला लागल्यावर कळलं की साहित्याची शिक्षिका दिवसभर साक्षच देत असते. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी गेलेला कवी वर्गात येऊन "अहो, मला असं म्हणायचं नव्हतं" असं सांगू शकत नाही. त्याच्या वतीने आपण बोलतो. पेपर तपासतो तेव्हा मुलाबद्दल साक्ष देतो. इंग्रजी शिकली की माणूस मोठा होतो, असं सुचवतो तेव्हा एका भाषेबद्दल साक्ष देतो, आणि आपल्याच भाषेविरुद्धही.

माझी पहिली चूक आधी सांगते, कारण तुमच्या हातूनही ती होण्याचा संभव आहे. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मॅथ्यू अर्नल्डची 'डोव्हर बीच' शिकवायला होती. १८६७ साली छापलेली ही कविता. रात्रीचा समुद्रकिनारा, लाटांनी ओढलेल्या गोट्यांचा खरखराट, आणि कवी म्हणतो की श्रद्धेचा समुद्र एकेकाळी सगळ्या पृथ्वीभोवती भरलेला होता, आता त्याच्या मागे हटण्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. मी कविता वाचली, शब्दार्थ दिले, आणि शेवटच्या दहा मिनिटांत श्रद्धा कशी टिकवावी यावर बोलले. वचनही वाचलं. मला फार बरं वाटलं. तास संपल्यावर एक मुलगा फळ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, त्या कवीला एवढं वाईट वाटत होतं, आणि तुम्ही त्याला पुरतं बोलूच दिलं नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. मुलाने बरोबर जागी बोट ठेवलं होतं. मी अर्नल्डचं दुःख ऐकलंच नव्हतं, त्याच्यावर उत्तर चिकटवून मोकळी झाले होते. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ईयोबाचे मित्र हेच करतात. दुःखी माणसापुढे बसून ते देवाची बाजू मांडतात, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. तेव्हापासून मी ठरवलं की नास्तिकाची कविता नास्तिकाचीच म्हणून शिकवायची. कवी शेलीला निरीश्वरवादावरच्या पत्रकामुळे १८११ साली ऑक्सफर्डमधून काढून टाकलं, हे सांगायचं आणि त्याचा राग कुठून आला तेही सांगायचं. मुलांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?" तर मला काय वाटतं ते दोन वाक्यांत सांगायचं, लपवायचं नाही, आणि पुन्हा कवितेकडे वळायचं.

आता ख्रिस्ती कवींविषयी. ते शिकवताना आपल्याला जास्त जपावं लागतं, कारण तिथे आपण घरचे असतो आणि घरच्या माणसाला समोरच्याला काय दिसत नाही याचं भान राहत नाही. जॉर्ज हर्बर्टची 'लव्ह' ही कविता घ्या. हर्बर्ट केंब्रिज विद्यापीठाचा अधिकृत वक्ता होता. पुढे सॉल्झबरीजवळ बेमर्टन नावाच्या लहानशा गावात पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, झाला आणि १६३३ मध्ये चाळिशी पुरी व्हायच्या आत क्षयाने गेला. कविता अठरा ओळींची. प्रेम हा यजमान आहे, तो पाहुण्याला आत बोलावतो, पाहुणा दारातच घुटमळतो. माझी लायकी नाही, मी तुझ्याकडे नजर वर करून पाहू शकत नाही, असं म्हणतो. यजमान हसून हात धरतो आणि विचारतो, "हू मेड द आइज बट आय?" मुलांना ही ओळ आधी फक्त ऐकवा. 'आइज' आणि 'आय' यांचा खेळ कानाला आपोआप लागतो. अर्थ सांगायच्या आधी दोघे-तिघे तरी हसतात.

मग पाहुणा म्हणतो, ठीक आहे, तर मग मी 'सर्व्ह' करतो. पाठ्यपुस्तकांच्या तळटिपेत इथे 'सेवा करणे' असं लिहिलेलं असतं. मी तो शब्द फळ्यावर लिहून विचारायची, "पंगतीत सर्व्ह करणं म्हणजे मराठीत काय?" वर्ग म्हणायचा, "वाढणं!" आणि कविता उघडायची. पाहुणा म्हणतोय, बसायची माझी योग्यता नाही, निदान वाढायला तरी घेतो. लग्नाघरी संकोचलेला माणूस काय करतो ते आपल्याकडच्या प्रत्येक मुलाने पाहिलेलं आहे: तो लगबगीने वाढपी होतो, म्हणजे पानावर बसायची वेळ येत नाही. यजमान ऐकत नाही. बसलंच पाहिजे, म्हणतो. शेवटची ओळ सहा शब्दांची, प्रत्येक शब्द एकाच अवयवाचा: "सो आय डिड सिट अँड ईट." इतका वेळ चाललेला वाद संपला, आता बोलायला काही उरलं नाही. तो बसला आणि जेवला.

एका वर्षी इथे मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. सहसा बोलायची नाही. म्हणाली, "मॅडम, माझी आजी सांगते, गावात लग्नाला त्यांना पंगतीत बसू द्यायचे नाहीत. ताट घरून न्यायचं आणि लांब बसायचं. म्हणून तो बसला हे महत्त्वाचं आहे ना?" वर्ग गप्प झाला. मी 'लव्ह'वरची सगळी टीपणं बाजूला ठेवली. मग सांगितलं की या कवितेच्या मागे ख्रिस्ती लोकांचं प्रभुभोजन आहे, तिथे भाकर आणि द्राक्षारस सगळ्यांना एकाच मेजावरून मिळतो. नगर जिल्ह्यातली पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबं मूळची महार-मांग समाजातली, आणि एका मेजाशी येणं ही त्यांच्या दृष्टीने केवढी गोष्ट होती तेही सांगितलं. पुढे हेही सांगितलं की जात आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांतूनही पुरती गेलेली नाही, सोयरिकी जुळवताना ती अजून दिसते. ते सांगायला मला जड गेलं. पण ते झाकलं असतं तर त्या मुलीपुढे मी खोटी साक्ष दिली असती. पुढच्या तासाला त्या मुलीने आपण होऊन कविता मोठ्याने वाचली.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, ख्रिस्ती दृष्टिकोन मला त्या तासाला दिसला, आणि त्या तासाला मी एकही वचन वाचलेलं नव्हतं.

भाषेच्या बाबतीत मात्र पवित्र शास्त्र वर्गात आणण्यात काही गैर नाही, कारण त्याच्याशिवाय इंग्रजीचे निम्मे वाक्प्रचार अधांतरी राहतात. 'टॅलेंट' हाच शब्द पाहा. मूळचा तो चांदीच्या एका मोठ्या वजनाचा, म्हणजे मोठ्या रकमेचा. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या दृष्टांतात धनी चाकरांना पाच, दोन आणि एक तालांत देऊन परदेशी जातो आणि एक तालांतवाला भिऊन तो जमिनीत पुरतो. या गोष्टीवरूनच इंग्रजीत 'टॅलेंट' म्हणजे अंगची देणगी हा अर्थ रूढ झाला. कवी मिल्टन १६५२ च्या सुमारास पूर्ण आंधळा झाला, तेव्हा त्याचं वय चाळिशीच्या थोडंसं पुढे. अंधत्वावरच्या सुनीतात तो म्हणतो की माझ्यापाशी असलेला एकुलता एक टॅलेंट निरुपयोगी पडून आहे. दृष्टांत माहीत नसलेल्या मुलाला इथे नुसती 'हुशारी' दिसते, आणि धन्याच्या हिशेबाची ती धास्ती हातातून निसटते. सुनीताच्या शेवटी पुन्हा 'सर्व्ह' येतो: नुसते उभे राहून वाट पाहणारेही सेवाच करतात. हर्बर्ट आणि मिल्टन लागोपाठ शिकवलेत तर मुलं स्वतःच म्हणतात, "मॅडम, परत तोच शब्द."

बायबलमधलं तेविसावं स्तोत्र मी दर वर्षी एकदा तरी घ्यायची, भाषेचा धडा म्हणून. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात पहिल्या ओळीत आहे, "आय शॅल नॉट वॉन्ट." मी विचारायची, अर्थ काय? हमखास उत्तर यायचं, "मला तो नको आहे!" मग मराठी वाचायचं: "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही." 'वॉन्ट' म्हणजे चारशे वर्षांपूर्वी 'उणं असणं', आज 'हवं असणं'. उणं असलं की हवंसं वाटतं, तेव्हा शब्द कुठून कुठे सरकला हे मुलांना चटकन पटतं. त्यानंतर 'दाऊ'. आजच्या इंग्रज मुलाला 'दाऊ' ऐकून वाटतं की केवढा हा आदरार्थी शब्द, कारण तो फक्त देवळात आणि जुन्या नाटकांत ऐकू येतो. मुळात ते आपलं साधं 'तू' होतं. मराठी मूल हे इंग्रज मुलापेक्षा लवकर ओळखतं, कारण आपण विठ्ठलाला तू म्हणतो, आईला तू म्हणतो, आणि आमच्या 'उपासना-संगीत' या गीतपुस्तकातल्या भजनांत प्रभूलाही तूच म्हणतो.

आता मुलांना स्तोत्रातली सर्वनामं पेन्सिलीने गोल करायला सांगा. सुरुवातीला सगळीकडे 'तो' आहे: तो मला हिरव्या कुरणात नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्या ओवीत मृत्युछायेची दरी येते आणि तिथून पुढे 'तू' सुरू होतो: कारण तू माझ्याबरोबर आहेस. देवाविषयी बोलणारा माणूस अंधारात शिरल्यावर देवाशी बोलायला लागतो. हे मी कधी आधी सांगितलं नाही. पेन्सिलीची वर्तुळं पाहून मुलंच सांगतात, आणि सांगणारा बऱ्याचदा ख्रिस्ती नसतो. व्याकरण आणि भक्ती यांच्यामध्ये भिंत घालायची गरज नाही, ती सर्वनामातच असते.

शेक्सपिअरचं 'मर्चंट ऑफ व्हेनिस' अभ्यासक्रमात आलं तर ख्रिस्ती शिक्षिकेची खरी परीक्षा तिथे आहे. मिशनच्या शाळांतून दयेवरचं पोर्शियाचं भाषण वक्तृत्वस्पर्धेला पाठ करून घेतात. भाषण सुंदरच आहे. पण त्याच प्रवेशात पुढे शायलॉक या यहुदी सावकाराची मालमत्ता जाते आणि ख्रिस्ती होण्याची सक्ती त्याच्यावर होते. त्या सक्तीला ते लोक दया म्हणतात. हे मुलांनी विचारायच्या आधी आपण काढावं. युरोपात ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी यहुद्यांना शतकानुशतकं छळलं, आणि हे नाटक त्या हवेत लिहिलेलं आहे, हे स्पष्ट सांगावं. आपल्या कोकणात, अलिबागच्या बाजूला, बेने इस्राएल हे यहुदी लोक किती पिढ्या तेल्याचा धंदा करून राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे, आणि त्यांचा कुणी छळ केला नाही, हेही मी जोडायची. व्हेनिसपेक्षा अलिबागजवळचं नवगाव मुलांना जवळचं वाटतं. माझ्या ओळखीतल्या एका पाळकांना हा धडा आवडला नव्हता, आपल्याच धर्माची बदनामी कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, पापाची कबुली देणं हे ख्रिस्ती उपासनेत दर रविवारी आहे, मग वर्गात ती अवघड का व्हावी.

संस्थेची मंडळी 'ख्रिस्ती दृष्टिकोन' म्हणतात तेव्हा काहींच्या मनात धर्मप्रसाराचा विचार असतो. त्याबद्दल मी आडपडदा न ठेवता लिहिते. इंग्रजीचा तास त्यासाठी वापरू नका. भारताच्या घटनेचा २८ वा अनुच्छेद सांगतो की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवायचा हक्क दिला आहे, पण त्या हक्काने ही संमती रद्द होत नाही. कायदा नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं. परीक्षेचे गुण माझ्या हातात आहेत. ज्याच्या हातात गुण आहेत त्याने श्रद्धेचं आमंत्रण दिलं तर मुलाला मोकळेपणाने 'नको' म्हणता येत नाही.

आपल्या इतिहासातही याचा धडा आहे. मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांचा १८३९ मध्ये बाप्तिस्मा झाला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि पालकांनी धडाधड मुलं काढून घेतली. त्याच काळात अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार १८२७ पासून मुंबईत आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना प्रेरणा मिळाली. मिशनच्या शिक्षणाची ही दोन्ही रूपं खरी आहेत. मुलांनी विचारलं तर दोन्ही सांगा.

याच्याही खूप आधीचं एक नाव मला नेहमी धीर देतं. फादर थॉमस स्टीफन्स, विल्टशर परगण्यात जन्मलेले इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आले. हर्बर्टने पुढे पाळकाचं काम केलं तोही हाच परगणा. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा, पण त्यांनी इथल्या लोकांना ती शिकवली नाही. ते स्वतः मराठी शिकले, आणि १६१६ साली सुमारे ११,००० ओव्यांचं क्रिस्तपुराण छापलं. स्वर्गाला वैकुंठ म्हणाले, मराठीला दगडांतलं रत्न म्हणाले. परक्या भाषेच्या दारात पाहुणा होऊन कसं उभं राहायचं ते त्यांच्याकडून शिकावं. आपली मुलं इंग्रजीच्या दारात अशीच उभी आहेत, आणि यजमानाची जागा तुमची आहे.

म्हणून सगळ्यात जास्त जपायचं ते इथे. मराठी माध्यमातून आलेला मुलगा अकरावीत पहिल्यांदा तोंड उघडतो, "आय ॲम" ऐवजी "आय इज" म्हणतो, आणि वर्ग हसतो. त्या क्षणी तुम्ही काय करता हे तो आयुष्यभर विसरत नाही. मी आधी त्याच्या मुद्द्याला उत्तर द्यायची, आणि उत्तर देताना बरोबर रूप सहज वापरायची. चूक दुरुस्त व्हायची ती तशी. वहीत तांबड्या शाईने सगळंच रंगवायचं मी पहिल्या चार-पाच वर्षांत सोडलं. एका निबंधात एकाच प्रकारच्या चुका तपासायच्या, आज काळ, पुढच्या वेळी क्रियापदं, आणि समासात एक तरी खरं वाक्य लिहायचं. "छान" हे खरं वाक्य नव्हे. "विहिरीचं पाणी हिरवं होतं हे तू लिहिलंस म्हणून मला विहीर दिसली" हे खरं.

गाइडचा प्रश्न यालाच लागून येतो. मुलं लिहितात, "ही कविता मला अतिशय हृदयस्पर्शी वाटली," आणि कविता त्यांनी वाचलेलीच नसते. गाइडमधलं उत्तर असतं, हल्ली मोबाइलवरून आलेलं. दोष मुलांना देऊ नये. आपण नेमकं तेवढंच मागतो आणि त्यालाच गुण देतो. मी घटक चाचणीत एक प्रश्न असा ठेवायची: 'या कवितेतली तुला न कळलेली एक ओळ लिही आणि काय कळत नाही ते सांग.' भाषा कितीही मोडकी असली तरी पूर्ण गुण. न कळणं कबूल करायला मुलांना दोन महिने लागायचे. एकदा एका मुलाने हर्बर्टबद्दल लिहिलं की एवढं बोलावलं तर हा माणूस आधीच का बसत नाही. त्या प्रश्नावर आम्ही पुढचा अख्खा तास काढला.

कवींच्या निवडीबद्दल फार चिंता करू नका. अभ्यासक्रम बोर्डाचा असतो, तो पुरा करायचा. मोकळा तास मिळाला तर त्यात हर्बर्टही घ्या आणि अर्नल्डही.

राहिला तुमचा वचनाचा आणि प्रार्थनेचा प्रश्न. संस्थेची परिपाठाची प्रार्थना असेल ती होऊ द्या. इंग्रजीच्या तासाला मी वेगळी प्रार्थना कधी घेतली नाही. हजेरीचा कागद मात्र आदल्या रात्री घरी असायचा. तो समोर ठेवून मी साठ नावं एकेक करून देवापुढे घ्यायची, गैरहजर असणाऱ्यांवर थोडं जास्त थांबायची. त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. वर्ग सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हे सुरू केलंत तर महिनाभरात सगळ्यांची नावं तोंडपाठ होतात, आणि मागच्या बाकावरच्या मुलीला तुम्ही नावाने हाक मारू शकता.